अनन्या सोडून बोला

हडपसरला आमच्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांचा दवाखाना आहे. तिथे दाराशेजारच्या खुर्चीत बसून, फाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून पोरांची नावं पुकारायचं काम वानखडे मॅडमनी वर्षानुवर्षं केलं. आता तिथे भिंतीवर लाल आकडे उमटतात. टोकन नंबर. आई-बाप कडेवरच्या लेकराकडे न बघता त्या आकड्यांकडे टक लावून बसतात. मॅडम लेकीकडे बंगळुरूला गेल्या ते एका परीने बरंच झालं. हे त्यांना बघवलं नसतं. "लेकराला नंबर? काहून? रेशनच्या रांगेत उभं आहे का ते?" असं काहीतरी त्यांनी डॉक्टरांना तोंडावर विचारलं असतं, आणि डॉक्टरांनी मशीन काढून टाकलं असतं.

मी मनीषा, खालचं मेडिकल चालवते. माहेर कसब्यातलं, तांबट आळीतलं. घरात दिवसभर तांब्यावर हातोडे पडायचे, त्यामुळे आम्ही सगळेच मुळात मोठ्यांदा बोलणारे. कुणी 'जरा हळू' म्हटलं की आम्हाला तो पाणउतारा वाटतो. लग्न होऊन हडपसरला आले, दुकान ताब्यात घेतलं आणि पहिल्याच दिवशी वरून हाक आली, "ईश्वरी कांबळे! आत या!" मी हातातली सिरपची बाटली तशीच धरून उभी राहिले. आवाजात आपल्याला तोड नाही, हा माझा समज त्या क्षणी निकालात निघाला.

आवाज ऐकून मी धिप्पाड बाईची कल्पना केली होती. जिना उतरून आल्या त्या ठेंगण्या, सावळ्या, पाठीचा कणा सरळ. कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला दोन पिना, मनगटावर पुरुषी घड्याळ. मूळच्या अकोल्याकडच्या एका खेड्यातल्या. लग्नानंतर पुण्यात आल्या आणि इथलं बोलणं इतकं उचललं की एरवी कुणाला पत्ता लागू नये. राग आला की मात्र अकोला बाहेर यायचा. 'काहून' ऐकू आलं की शहाण्या माणसाने विषय बदलावा.

माझी आणि त्यांची मैत्री झाली ती एका गोंधळातून. जशी गोवरची साथ येते तशी नावांचीही येते, असं मॅडम म्हणायच्या. त्या वर्षी अनन्यांची साथ होती. दवाखान्यात रोज अनन्या. सर्दीची अनन्या, पडून खोक पडलेली अनन्या, नुसतीच वजन करायला आलेली अनन्या. एका संध्याकाळी दोन अनन्या जाधव एकदमच आल्या होत्या. डॉक्टरांनी दोघींना तपासलं, दोघींच्या चिठ्ठ्या लिहून बाहेर पाठवल्या. मॅडमनी "अनन्या जाधव, चिठ्ठी घ्या" म्हणून पुकारलं. एक आई आली, चिठ्ठी घेऊन खाली गेली. थोड्या वेळाने पुन्हा पुकारलं, दुसरी आली, तीही गेली.

पहिली माझ्या काउंटरशी आली. चिठ्ठीवर खोकल्याचं औषध. मी बाटली काढते तोवर बाई बाकावर पोरीचं लंगोट बदलायला बसलेली, आणि थोड्या वेळाने परत तेच. मी विचारलं, "खोकला कधीपासून आहे हो?"

"खोकला? खोकला कुठाय? सकाळपासून जुलाब होतायत हिला!"

मी जिन्यावरूनच ओरडले. मॅडमनी काय झालं ते एका क्षणात ओळखलं आणि चपला न घालता धावत सुटल्या. दुसरी अनन्या आईबरोबर गाडीतळाकडे निघून गेली होती. गाडीतळावर पोहोचून मॅडमनी त्यांच्या त्या आवाजात "अनन्याऽऽ!" अशी हाक मारली. तीन बायका वळल्या. त्यातली एकही ही नव्हती. शेवटी एका रिक्षातून खोकल्याची ढास ऐकू आली, तेव्हा ती पोरगी सापडली.

कुणाला काही झालं नाही. मॅडम परत आल्या आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या. तळपायात खडा घुसला होता. मी डेटॉलने पुसून पट्टी लावत होते आणि त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"मनीषा, हे आता थांबवलं पाहिजे."

मला वाटलं, उद्यापासून चिठ्ठीवर आईचंही नाव लिहितील. ते तर त्यांनी केलंच. पण त्यांना थांबवायची होती ती अनन्या.

आणि ते करायला त्या अगदी मोक्याच्या जागी बसल्या होत्या. बाळाला पहिली लस टोचायला आणतात तेव्हा पुष्कळदा बारसं व्हायचं असतं. फाइलवर नाव नसतं, 'बेबी ऑफ सुप्रिया', 'बेबी ऑफ रेखा' असं लिहिलेलं असतं. मॅडम अशी फाइल हातात आली की चष्मा कपाळावर सरकवायच्या.

"नाव ठरलं का?"

"हो, अनन्या."

"अनन्या सोडून बोला."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पुढे साथ बदलली, आराध्या आल्या, स्वरा आल्या, परी आल्या. वाक्य तेच राहिलं. एखादा बाप गोंधळून म्हणायचा, "पण आम्ही स्वरा ठेवतोय." मॅडम म्हणायच्या, "तेच ते." मगरपट्ट्यातल्या एका तरुण बापाने त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, "मॅडम, ॲक्च्युअली अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी कुणी नाही अशी." मॅडमनी शांतपणे आत बोट दाखवलं. "दोघी आत बसल्यात. तिसरी तुम्ही आणा."

आता कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची ही कुठली रीत? मीही म्हटलं होतं. पण त्यांच्या कामाला एक शिस्त होती. त्या कुणाच्या तोंडावर नाव फेकत नसत. "यादी तुमच्या मोबाइलमध्येही आहे, त्याला मी कशाला हवी?" असं म्हणायच्या. पहिला प्रश्न नेहमी एकच, "यात काय आवडलं तुम्हाला?" आणि मग गंमत बाहेर यायची. कुणाला ज्योतिषाने 'अ' अक्षर दिलेलं असायचं. कुणाला अर्थ आवडलेला. कुणाला शेवटचा 'या' गोड वाटायचा. आणि एका बाईंनी तर खरं खरं सांगून टाकलं की जाऊबाईंनी ते नाव ठेवायच्या आत आपण ठेवायचं होतं. कारण कळलं की मॅडम त्याच्या आसपास शोधायच्या. अक्षर हवंय? मग अरुंधती, अलकनंदा. अर्थ हवाय? मग अद्वितीया. "आवडीच्या शेजारचं घर बघायचं," त्या म्हणायच्या, "गाव बदलायचं नाही."

नाव सुचवून झालं की परीक्षा. कुकरची शिट्टी चालू असताना हाक मारून बघा. भांडताना हाक मारून बघा, जीभ अडखळते का? आडनावासकट म्हणा. आणि शेवटची परीक्षा म्हणजे, दात पडलेल्या म्हातारीला हे नाव शोभेल का? 'परी'वाले इथे हमखास गारद व्हायचे. एका भल्यामोठ्या मिशांच्या गृहस्थांना त्यांनी जिन्यात उभं करून "अलकनंदा" अशी हाक मारायला लावली होती. ते लाजून लाल झाले, पण तिसऱ्या हाकेला असा काही गळा मोकळा झाला की खाली माझ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "वर काय गाण्याचा क्लास आहे का?"

सगळेच ऐकायचे असं नाही. एक सासूबाई फणकारल्या, "आम्ही आराध्याच ठेवणार. तुम्हाला काय त्रास आहे?"

"मला काहीच नाही. फक्त मंगळवारी येऊ नका, मंगळवारी बऱ्याच आराध्या असतात," मॅडम म्हणाल्या आणि पुढची फाइल उचलली.

फुरसुंगीचे एक फूलवाले होते. शेवंतीची शेती, स्वतःच माल घेऊन मार्केट यार्डात जायचे. त्यांना मुलगी झाली, बायकोला 'परी' हवं होतं. मॅडमनी विचारलं, "शेतात काय लावता?"

"शेवंती हाय की."

"मग मुलगी शेवंती."

त्या गृहस्थांचा चेहरा बदलला. "बाई, शेवंता माझ्या आज्जीचं नाव हाय. लय राबली म्हातारी. पण आता असं जुनं नाव..."

"जुनं कसलं? घरातच आहे तुमच्या. कुणी वापरत नव्हतं इतकंच."

खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी डोळे पुसले. बारशाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फुलांची भली मोठी पाटी आली. त्या दिवशी लस टोचून बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात शेवंतीचं फूल होतं. माझ्या काउंटरवर तर चार दिवस घमघमाट होता.

आमच्या घरालाही त्यांनी सोडलं नाही. भावाला मुलगी झाली, मी आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि भाऊ 'स्वरा' घेऊन बसलेला. मी मॅडमना कसब्यात घेऊन गेले. आमची आई म्हणजे बोलण्यात कुणाला उधार न ठेवणारी. मॅडमनी सगळ्यांना प्रश्न विचारले, बाळाचा पाय हातात धरून थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "बकुळ."

आईने चष्म्यावरून बघितलं. "बकुळ? आणि पाठची बहीण झाली तर गजरा का?"

"ती झाली की मला बोलवा," मॅडम म्हणाल्या.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "बाई आगाऊ आहे. नाव बरं आहे." आमच्या घरात याच्यावर कौतुक नसतं.

हे सगळं त्या का करत होत्या, ते मला एका दुपारी कळलं. दुपारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा मॅडम माझ्याकडे चहाला यायच्या. मी सहज म्हटलं, "मॅडम, तुमचं नाव सुनीता. किती साधं आहे! आणि लोकांना मात्र अलकनंदा."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या वर्गात तीन सुनीता होत्या. एक गोरी सुनीता. एक लंगडी सुनीता. मी काळी सुनीता."

मी बिस्किटांची बशी पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली.

"पोरी तसं म्हणायच्याच. पण मास्तरसुद्धा हजेरीला तेच पुकारायचे. काळी सुनीता. आणि मी 'हजर' म्हणायचे, मनीषा. रोज उभी राहून म्हणायचे."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! "त्या मास्तराच्या थोबाडीत द्यायला हवी होती," मी म्हटलं.

"मास्तर वाईट नव्हते गं. त्यांना ओळखायला काहीतरी लागत होतं." चहा संपवून त्या उठल्या. "म्हणून मी माझ्या लेकीचं नाव असं ठेवलं की जगात तिला मागे पुढे काही जोडायची कुणाला गरजच पडू नये. सौदामिनी."

सौदामिनीला मी लहानपणापासून बघत आले. शांत, हुशार, जरा खाली मान घालून चालणारी. इंजिनिअर झाली, बंगळुरूला नोकरीला लागली, तिथल्याच निखिल नावाच्या मराठी मुलाशी लग्न केलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून हडपसरला आली आणि तिला मुलगी झाली. वर फाइल तयार झाली, 'बेबी ऑफ सौदामिनी'. सगळ्या दवाखान्यात एकच चर्चा. अख्ख्या हडपसरला नावं सुचवणारी बाई आपल्या नातीला कुठलं नाव काढणार? खुद्द डॉक्टर विचारून थकले. मॅडम नुसत्या गालातल्या गालात हसायच्या. काहीतरी ठरवून ठेवलं होतं, पण मलाही सांगितलं नाही.

एका दुपारी मी बाळाचे व्हिटॅमिनचे थेंब द्यायला त्यांच्या घरी गेले. सौदामिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मॅडम समोर दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. मी बसते न बसते तोच सौदामिनी म्हणाली, "आई, मनीषामावशी पण आहे, तर सांगून टाकते. आमचं नाव ठरलंय. अनन्या."

मॅडम हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. "अनन्या सोडून बोल."

"नाही सोडायचं. मी सिरियस आहे, आई."

घडी घालणारे हात थांबले. "काहून?" झालं, अकोला आला. मी उठायच्या बेतात होते, पण सौदामिनीने माझा हात धरला. तिला साक्षीदार हवी होती बहुतेक.

"कारण मला तिला साधं नाव द्यायचंय. शाळेत मी आले की पोरं म्हणायची, वीज आली. गेले की वीज गेली. कॉलेजमध्ये मला 'सोडा' म्हणायचे. ऑफिसमध्ये तर नावच टाकून दिलं, सॅम म्हणतात. कुणाला नाव सांगायचं म्हटलं की मी आधी श्वास घेते, माहितीये तुला? मग स्पेलिंग, मग अर्थ, मग 'ओ, हाऊ डिफरंट'. आई, मी कॉफी घ्यायला जाते ना, तिथे कपावर लिहायला नाव विचारतात. मी 'पूजा' सांगते. तिथे आणखी दोन पूजा उभ्या असतात, आणि मला इतकं बरं वाटतं!"

बाळ कुरकुरलं. तिने त्याला खांद्यावर घेतलं. मॅडमनी हातातलं दुपटं बाजूला ठेवलं. मग त्यांनी लेकीला ती वर्गातली गोष्ट सांगितली. गोरी, लंगडी, काळी. हजर. मला सांगितली होती तशीच, एकही शब्द न वाढवता.

सौदामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे मला कधी सांगितलंच नाहीस."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

"आई, ते दुखणं तुझं होतं. औषध मला का दिलंस?" ती हळूच बोलली, पण मला ते वर्मी लागलं, तर मॅडमना किती लागलं असेल. "मला कुणी विचारलं होतं?"

"बरं बापा," एवढंच म्हणून मॅडम स्वयंपाकघरात गेल्या आणि आम्हा सगळ्यांना बिनसाखरेचा चहा आणून दिला. आम्ही तो निमूट प्यायलो.

मला वाटलं, आता रुसवा धरतील. तशा त्या नव्हत्या. रविवारी सकाळी त्यांचा फोन, "मनीषा, गाडी काढ. पोरींकडे जायचंय."

"कुठल्या पोरी?"

"माझ्या. नावं दिलेल्या."

माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या मला रस्ते सांगत होत्या. कुणाचं घर कुठल्या गल्लीत, सगळं पाठ. आधी मुंढव्याची अरुंधती. उंच झालेली, दातांना तार लावलेली. मॅडमनी चहाला नाही म्हटलं, सरळ विचारलं, "तुझ्या नावाचा तुला त्रास होतो का? खरं सांग. मला खूश करायचं नाही."

"छे हो! आमच्या वर्गात चार अनन्या आहेत. टीचरनी 'अनन्या' म्हटलं की चौघींना धाक. मी एकटीच निवांत."

मॅडमचा चेहरा जरा उजळला. पण तिथून आम्ही फुरसुंगीला गेलो. फूलवाले दारातच भेटले आणि मॅडमना बघून त्यांची त्रेधा उडाली. मुलगी बाहेर आली. मॅडमनी हाक मारली, "शेवंती!" ती बापाकडे बघायला लागली.

"काय सांगू बाई," ते पुटपुटले, "शाळेत पोरं लय चिडवत्यात. ती शिवानी सांगती समद्यांना."

मॅडमनी त्या पोरीला शेजारी बसवून घेतलं. "शिवानी. छान आहे की. तुला आवडतं?" पोरीने मान हलवली. "मग शिवानीच. मीही तेच म्हणणार." निघताना त्यांनी बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "ती म्हणत असेल तर शाळेतही बदलून घ्या. आज्जीला काही वाटायचं नाही." ते गृहस्थ पायांना हात लावायला वाकले, तर मॅडम मागे सरकल्या.

सासवड रोडला लागलो. मी आरशात बघितलं.

"मॅडम, रडताय का?"

"धूळ आहे. रस्ता बघ समोर."

कसब्यात आमच्या बकुळने तर कमालच केली. तिला प्रश्नच कळेना. "आवडतं म्हणजे काय? माझं नाव आहे ते." आई आतून म्हणाली, "आता नाक आवडतं का तेही विचारा." मॅडम पहिल्यांदा खळखळून हसल्या. आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. मटकीची उसळ वाढताना, "तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका हो," असंही म्हणाली. आमच्या आईने कुणाची समजूत घालावी, याचं मला नवलच वाटलं.

परत येताना मॅडम म्हणाल्या, "काही पोरींना मानवलं, काहींना नाही. ज्यांना नाही मानवलं त्यांचं पाप माझ्या माथी."

"पाप कसलं हो मॅडम! उगाच काहीतरी."

"असू दे माझ्या माथी. मी काही नावं सुचवणं सोडणार नाही. मला त्यातलं कळतं." हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं.

"मग सौदामिनीचं काय?" मी न राहवून विचारलं. तेवढ्यात घर आलं. त्या उतरल्या, पदर नीट केला आणि वर गेल्या.

बारशाच्या दिवशी त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. निखिलला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. कानात नाव कुणी सांगायचं? निखिलच्या आईने सरळ मॅडमचा हात धरला. "तुमच्यापेक्षा मोठा अधिकार कुणाचा? तुम्हीच सांगा."

बायकांमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. आपल्याला नको असलेलं नाव ही बाई आपल्या तोंडाने सांगणार? माझी आई माझ्या कानाशी लागली, "बघ हं, ही काहीतरी वेगळंच सांगून मोकळी होणार." मलाही तीच भीती. एकदा कानात सांगितलेलं नाव परत घेता येत नाही, निदान आमच्याकडच्या बायका तरी तसंच मानतात. सौदामिनी पाळण्याच्या दोरीला धरून उभी होती. तिने आईकडे बघितलं नाही. तिची बोटं दोरीवर पांढरी पडली होती. निखिल मात्र मोबाइलवर फोटो काढण्यात दंग.

पाळणे म्हणून झाले. बाळाला पाळण्यात ठेवलं. मॅडम पुढे आल्या, पाळण्यात वाकल्या आणि बाळाच्या कानाशी तोंड नेलं. आम्ही रिवाजाप्रमाणे "कुर्रर्र" करून त्यांच्या पाठीवर धपाटे घालायला लागलो. नाव सांगायला कितीसा वेळ लागतो? पण मॅडम वाकलेल्याच. ओठ हलताहेत, पुटपुटणं चाललंय. आमचे धपाटे हळू पडायला लागले. मग थांबलेच. कुणीतरी "झालं का?" म्हणालं. मॅडमनी मागे हात करून थांबा अशी खूण केली आणि आणखी थोडा वेळ पुटपुटल्या.

मग त्या सरळ झाल्या. छाती भरून श्वास घेतला आणि दवाखान्यातल्या त्या आवाजात, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं पुकारलं, "अनन्या निखिल देशपांडे!"

एकच गलका झाला. कुणी टाळ्या वाजवल्या. सौदामिनीच्या हातातली दोरी सुटली आणि ती ओठ घट्ट मिटून हुंदके द्यायला लागली. सुंठवडा आणि घुगऱ्या फिरायला लागल्या, बायका आपापल्या गप्पांना लागल्या, तेव्हा ती आईजवळ आली. मी शेजारीच होते.

"आई, नाव तीन अक्षरांचं. एवढा वेळ काय बोलत होतीस तिच्याशी?"

"विचारत होते."

"काय विचारत होतीस?"

"हे नाव चालेल का म्हणून. पुढे नाही आवडलं तर सांग, बदलू, आजी तुझ्या बाजूने आहे, हेही सांगितलं." मॅडमनी पाळण्याला झोका दिला. मग लेकीकडे बघितलं. "तुला विचारायचं राहून गेलं गं माझ्याकडून. तूही तेव्हा एवढीशीच होतीस."

सौदामिनीने भर बायकांत आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मॅडम एका हाताने तिला थोपटत होत्या आणि दुसऱ्या हाताने पाळणा हलवत होत्या.